जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेताना

प्रश्न : मेलबर्नला नवीन आहोत. हिवाळ्यात बर्फ बघायला, क्वचित समुद्राच्या वाळूतही जायचंय. दहा हजार डॉलरांत जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह मिळतेय. विकणारा रोडवर्दी सर्टिफिकेट देतोय. मग निर्धास्त घ्यावी ना?
– एक वाचक

उत्तर : रोडवर्दी म्हणजे ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग यांची सुरक्षा तपासणी. इंजिन-गिअरबॉक्स किती टिकतील, हे ती सांगत नाही. त्यामुळे स्वतःच्या मेकॅनिकला दाखवाच. वाळूत फिरलेली गाडी वरून चकचकीत दिसते. गंज खाली चॅसीवर असतो, तिथे वाकून बघा. 'लो रेंज' (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाकून मातीवर चालवून बघा. गाडीवर कर्ज आहे का, हे सरकारी पीपीएसआर नोंदणीत दोन डॉलरांत कळतं.

बर्फासाठी सुबारू फॉरेस्टरसारखी ऑल-व्हील-ड्राइव्ह पुरते. मऊ वाळूसाठी लो रेंजवाली सुझुकी ग्रँड व्हिटारा बघा. स्वस्तातली जुनी मोठी डिझेल मात्र नको. इंजेक्टरचा खर्च कंबर मोडतो. व्हिक्टोरियात डीलरकडून दहा वर्षांच्या आतली, १,६०,००० किलोमीटरखाली चाललेली गाडी घेतली, तर तीन महिन्यांची कायदेशीर वॉरंटी मिळते. खासगी विक्रीत नाही. आणि हो, बर्फ बघायला माउंट हॉथमला गेलात, तर हिवाळ्यात फोर-व्हील-ड्राइव्हलाही चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. त्या भाड्याने मिळतात.