वादी, मणी आणि मनगट

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या वर्गातील एका मैत्रिणीच्या हातात मी एक कडे पाहिले. कडे म्हणावे तर ते धातूचे नव्हते, आणि बांगडी म्हणावी तर काचेची नव्हती. चामड्याच्या दोन बारीक वाद्या, त्यांच्यामध्ये एकापुढे एक बसवलेले निळे मणी आणि टोकाला एक बटण, असा तो प्रकार. मनगटाभोवती त्याचे दोन वेढे घेतलेले. पुण्याहून आणले, सातशे रुपये पडले, असे ती म्हणाली. तिच्याभोवती जमलेल्या साऱ्याजणी मणी पाहत होत्या. मी मात्र वादी पाहत होते, कारण वादी माझ्या ओळखीची होती. आमच्या घरी दारामागच्या खुंटीला तशा वाद्यांचे झुबकेच्या झुबके लोंबत असतात.

माझे वडील कोल्हापुरी चपला करतात. आजोबाही तेच करीत. चपलेच्या पट्ट्यावरची वेणी आई घालते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी ही गोष्ट मी महाविद्यालयात कोणालाच सांगितली नव्हती. वडील काय करतात असे कोणी विचारले, तर 'धंदा' असे म्हणून मी विषय बदलीत असे. असो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्या कड्याचे चित्र वहीत काढून आईला दाखवले. आई म्हणाली, "ह्यात काय हाय? येणीच की ही. फकस्त मदी मनी हाईत." या एका वाक्यावरून पुढचा सारा उद्योग सुरू झाला. तो कोणालाही घरच्या घरी करता यावा, आणि त्यात माझी जी एक मोठी चूक झाली ती दुसऱ्या कोणाची होऊ नये, म्हणून हा लेख.

मणी ओवलेल्या वाद्यांचे हे वेढ्याचे कडे आज जगभर दिसते. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे व्यवसाय करणाऱ्या चान लू या बाईंच्या नावाने ते विशेष प्रसिद्ध झाले. त्यातील टाक्याला शिडीचा टाका म्हणतात. दोन वाद्या म्हणजे शिडीचे उभे दांडे, आणि मणी म्हणजे पायऱ्या. नाव अगदी चपखल आहे. एकदा शिडी डोळ्यापुढे आणली, की निम्मे काम समजले.

आता चामड्याविषयी. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मणी कोठेही मिळतात; सारी मेख चामड्यात आहे.

कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या जाड कातड्याचा असतो, आणि वेणीसाठी शेळीचे पातळ कातडे वापरतात. हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. त्याचा रंग बदामी असतो. ऊन आणि तेल लागेल तसा तो गडद होत जातो. कड्यासाठी हेच शेळीचे कातडे घ्यावे. चपला करणाऱ्या कोणत्याही कारागिराकडे त्याचे कातरण निघते. पण कातरणाचे तुकडे असतात तळहाताएवढे, आणि कड्याला तर वादी हवी एक मीटर लांब. मग ती आणायची कोठून?

याचे उत्तर मला आबांनी दिले, आणि ते मला फारच आवडले. तुकड्यातून एक गोल चकती कापायची. मग तिच्या कडेपासून रापीने गोल गोल फिरत आत जायचे, जसे आपण पेरूची साल न तोडता काढतो. वादी ३ मि.मी. रुंद ठेवली, तर १० सें.मी. व्यासाच्या चकतीतून किती निघेल? शाळेतले गणित येथे कामाला आले. चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौ. सें.मी.; त्याला वादीच्या रुंदीने भागले, की मधला न कापता येणारा टिकला वजा जाता सुमारे अडीच मीटर. म्हणजे तळहाताएवढ्या तुकड्यातून दोन कडी! मी हे गणित आबांना वहीत मांडून दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आमी डोळ्यानंच मोजतो." त्यांचा अंदाज माझ्या उत्तरापासून वीतभरसुद्धा दूर नव्हता.

घरी रापी नसेल तर धारदार कात्री चालेल. मात्र हात न थांबवता कापावे. थांबले की तेथे खाच पडते, आणि वादी पुढे तेथेच तुटते. चकतीतून काढलेली वादी स्प्रिंगसारखी वळलेली असते. ती दहा मिनिटे पाण्यात भिजवावी. मग एक टोक खिळ्याला बांधून, दुसऱ्या टोकाला वजन लावून, सावलीत रात्रभर टांगावी. सकाळी ती सरळ झालेली असते आणि थोडी लांबही झालेली असते. हे ताणणे टाळू नये. न ताणलेल्या वादीचे कडे आठ दिवसांत मनगटावरून कोपराकडे घसरू लागते. वाळल्यावर बोटाला लावलेले तेल वादीवरून एकदाच फिरवावे. जास्त तेल लावले तर वादी लिबलिबीत होते आणि गाठ धरत नाही.

मण्यांचे थोडक्यात सांगते. ४ मि.मी.चे काचेचे गोल मणी या कामाला उत्तम. आपल्याकडे असे मणी उत्तर प्रदेशातील पुर्दिलपूर व वाराणसीहून येतात. अकीक हवा असेल तर तो गुजरातमधील खंभातचा. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी जे उत्खनन केले, त्यात सातवाहनकाळातील मणी सापडले. म्हणजे पंचगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी मणी ओवीत बसले होते. ते कशात ओवीत होते हे जमिनीने ठेवले नाही. दोरा आणि चामडे कुजून जाते, मणी तेवढा उरतो. इतिहासात नेहमी मण्याचेच नाव राहते, असे मला तेव्हा वाटले.

मणी घेताना भोक पाहून घ्यावे. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा जातो; म्हणून भोक मोठे आणि सुई बारीक हवी. दोरा नायलॉनचा घ्यावा आणि मेणावरून दोनदा ओढावा. मेणाची ही युक्ती मी गुजरीतल्या एका पटवेकऱ्यांकडून शिकले. साजाचे मणी गाठवताना तेही तसेच करतात.

आता प्रत्यक्ष वीण. प्रथम मनगट मोजावे. माझे १५ सें.मी. आहे. दोन वेढ्यांचे ३०, आणि सैलपणासाठी २, असे एकूण ३२ सें.मी.चे कडे. त्याला एक मीटर वादी, अडीच मीटर दोरा आणि सुमारे सत्तर मणी लागतात. वादी मधोमध दुमडावी. दुमडीपाशी बटण जेमतेम जाईल एवढा फासा ठेवून साधी गाठ मारावी. ही गाठ परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात अडकवली, की दोन्ही हात मोकळे राहतात. (या पॅडचा परीक्षेबाहेर एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.) दोन्ही वाद्या समोर, शेजारी शेजारी, सरळ याव्यात.

दोऱ्याचे टोक डाव्या वादीला गाठीजवळ बांधावे. सुई डाव्या वादीच्या खालून आणून तिच्यात एक मणी ओवावा आणि तो दोन वाद्यांच्या मध्ये बसवावा. मग सुई उजव्या वादीच्याही खालून बाहेर काढावी. आता दोरा उजव्या वादीला वळसा घालून वर आणायचा, आणि त्याच मण्यातून उलट, डावीकडे न्यायचा. परतताना दोरा दोन्ही वाद्यांच्या वर असतो. म्हणजे जाताना खालून, येताना वरून. मणी मध्ये, आणि वादी दोऱ्याच्या दोन पदरांत धरलेली. डाव्या वादीला वळसा घालून सुई पुन्हा खाली नेली, की दुसरा मणी. एवढेच. प्रत्येक मण्यानंतर दोरा सारख्याच जोराने ओढावा. सुरुवातीला सगळ्यांचा हात पहिल्या दहा मण्यांना घट्ट आणि पुढे सैल असतो, त्यामुळे कडे नागासारखे वळते. माझी पहिली तीन कडी तशीच झाली. आई शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "मन्याकडं बगू नगंस. वादीकडं बग. ती सरळ ऱ्हायली की समदं सरळ." मण्यांची लांबी पुरी झाली की दोरा डाव्या वादीला दोन-तीन गाठींनी बांधावा, दोन्ही वाद्यांची मिळून गाठ मारावी, त्यांत बटण ओवून पुन्हा गाठ मारावी आणि उरलेली वादी कापावी. पहिल्या कड्याला मला चार तास लागले होते. आता दीड तासात होते. आईला एका तासात होते, आणि तीही मधून मधून चुलीकडे पाहत असताना.

आता ती चूक. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघींनी बारा कडी केली. जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाल्यावर ती मी दीडशे रुपयांना एक याप्रमाणे विकली. त्या पैशांतून परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. पाऊस सुरू झाला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका मैत्रिणीने आपले कडे माझ्यापुढे बाकावर ठेवले. बटणाजवळची वादी शाई सांडल्यासारखी काळी झाली होती. तिच्या मनगटावरही काळसर डाग होता. ती रागावली नव्हती, पण शेजारची एकजण म्हणाली, "शेवटी चपलेचंच कातडं ना ते!" आठ दिवसांत आणखी तीन कडी परत आली. मी चौघींचे पैसे परत केले.

घरी मी दोन दिवस काही बोलले नाही. आईने एवढ्या हौसेने केलेले काम. तिला काय सांगणार? शेवटी आबांच्या हातात ते कडे पडले. त्यांनी ते उजेडात धरले, बटण नखाने खरवडले आणि म्हणाले, "लोकंड हाय ह्यात. कातड्याला लोकंड लावलंस व्हय गं? काळं पडणारच की. आपल्या पायताणात कवा खिळा बगितलायस?" मी खरोखरच कधी पाहिला नव्हता. आमची चप्पल वादीनेच शिवतात, तिला खिळा नसतो. लोखंड टाळणे हेच त्यामागचे एकमेव कारण असेल असे मी म्हणणार नाही, पण आबांना ते ठाऊक होते आणि मला नव्हते. मी घेतलेली बटणे वरून पितळी दिसत होती. मुलाम्याखाली लोखंड होते.

पुढे मी रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात टॅनिन असते. कातडे टिकते ते त्यामुळेच. या टॅनिनला ओलावा असताना लोखंड भेटले, की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून जी शाई करीत, ती याच क्रियेने. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या मनगटावर शब्दशः शाई तयार झाली होती! मग पुण्याच्या कड्याचे बटण स्टीलचे असूनही ते काळे का पडले नाही? कारण बाजारात तयार मिळणारी बहुतेक वादी क्रोमच्या क्षारात कमावलेली असते. तिच्यात टॅनिन नसते. त्या वादीला कोणतेही बटण चालते. आमच्या वादीला चालत नाही. दोष चपलेच्या कातड्याचा नव्हता. त्याच्याशी कसे वागावे हे न विचारता मी ते वापरले होते, आणि विचारायचे माणूस तर घरातच बसले होते.

तेव्हा बटण विकत घेताना लोहचुंबक सोबत न्यावा. चिकटले तर ते बटण घेऊ नये. भरीव पितळ, नारळाची करवंटी किंवा लाकूड उत्तम. डाग पडलाच, तर लिंबाचा रस कापसाने हलके चोळावा, डाग फिका होतो; मग पाण्याने पुसून सावलीत वाळवावे. अंघोळीला जाताना कडे काढून ठेवावे.

किमतीचा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही. मणी, दोरा आणि बटण मिळून साधारण चाळीस रुपये होतात. कातरण फुकटचे, असे आबा म्हणतात. आईचे म्हणणे, "फुकट कसं? कातडं इकत आणलं तवा कातरण काय सोडून आणलं?" मला आईचे पटते. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीने आईच्या मताची बाजू घ्यावी, यात आबांना आश्चर्य वाटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशा चपला दिसल्या, आणि कंपनीने प्रेरणा आपल्याकडची असल्याचे नंतर मान्य केले. तेव्हा आमच्या वर्गातही आठवडाभर सगळे कोल्हापुरीचे कडवे अभिमानी झाले होते. पण वेणी घालणाऱ्या बाईला एका जोडामागे काय मिळते, हे त्या आठवड्यात मला कोणी विचारले नाही.

परत आलेल्या चार कड्यांचे काय करावे हा प्रश्न होताच. काळे पडते आहे तर सगळेच काळे करू, असे आईने सुचवले. गंजके खिळे आठ दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले. बाटलीचे झाकण सैल ठेवावे, कारण आत वायू होतो. ते पाणी फडक्याने वादीला लावले, तर बघता बघता बदामी वादी कोळशासारखी काळी झाली. मग ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढली, स्वच्छ धुतली, वाळवली, तेल लावले, आणि पांढऱ्या फडक्याने घासून पाहिली. फडके पांढरेच राहिले तेव्हाच तिच्यात मणी ओवले. काळ्या वादीत लाल मणी आणि पितळी बटण असे पहिले कडे तयार झाले. जिच्या हातावर डाग पडला होता, तिला ते दाखवायला म्हणून मी नेले. तिने ते दोन वेढे घालून पाहिले, आणि कोणी केले असे विचारले. मी म्हटले, माझ्या आईने. ती चपलांच्या वेण्या घालते. ती म्हणाली, "मग माझ्या बहिणीसाठीही एक सांग त्यांना. तिचं मनगट बारीक आहे, चौदा सेंटिमीटर."