सेप्टिक टँकचा उपसा आणि देखभाल



पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी झाली, खताची कोणती मात्रा कधी दिली, याची नोंद आपल्यापैकी बरेच जण वहीत ठेवतात. परंतु घरामागची संडासाची टाकी शेवटची कधी उपसली, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. काही घरी टाकीचे झाकण कोठे आहे हेही सांगता येत नाही. त्यावर माती चढलेली असते किंवा तणसीचा ढीग रचलेला असतो.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील धानाचे गाव. शहरासारखी भुयारी गटारे अशा गावांत नसतात. ज्याच्या त्याच्या घराची टाकी हीच त्याची व्यवस्था. दि. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मिशन सुरू झाले आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या काळात बांधलेल्या टाक्यांना आता सात वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ज्यांचा एकदाही उपसा झाला नाही, त्या टाक्यांकडे आता लक्ष देणे गरजेचे आहे. टाकी तुंबल्यावर घाईघाईने जे उपाय केले जातात, त्यातूनच माणसे दगावतात आणि विहिरी व बांध्या दूषित होतात.

टाकीत काय घडते?

टाकीत तीन थर तयार होतात. तेलकट व हलके पदार्थ वर तरंगून साय धरते, मध्ये गढूळ पाणी राहते आणि जड पदार्थ तळाशी बसून गाळ होतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू हा गाळ कुजवितात, त्यामुळे त्याचे आकारमान कमी होते. पण तो संपूर्ण नाहीसा होत नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचतो आणि मधल्या पाण्याची जागा कमी होत जाते. मग मैला बसण्यास वेळ न मिळता पाण्याबरोबर बाहेर जातो आणि शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात. बुजलेला शोषखड्डा दुरुस्त करणे हे टाकी उपसण्यापेक्षा कितीतरी खर्चाचे काम आहे.

टाकीतून बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. ते नालीत, बोडीत किंवा बांधीत सोडू नये. ते शोषखड्ड्यातच मुरवावे.

उपसा किती वर्षांनी करावा?

याचा हिशेब घरी करता येतो. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा व त्यास २८ ने गुणावे. म्हणजे टाकीत किती लिटर पाणी राहते ते कळेल. आपल्याकडील उष्ण हवामानात माणशी वर्षाला सुमारे ४० लिटर गाळ धरावा. साय व गाळ मिळून टाकीचा एक-तृतीयांश भाग व्यापला की उपसा करावा.

उदाहरणार्थ, सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानक २४७० (१९८५) मध्ये दहा माणसांसाठी व दोन वर्षांनी उपसा धरून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.४ मीटर पाण्याची खोली असलेली टाकी सांगितली आहे. तिच्यात सुमारे २५०० लिटर पाणी राहते. तिचा एक-तृतीयांश म्हणजे सुमारे ८३० लिटर. दहा माणसांचा दोन वर्षांचा गाळ ८०० लिटर होतो. याच टाकीवर सहा माणसे असतील तर वर्षाला २४० लिटर गाळ साचेल आणि साडेतीन वर्षांत मर्यादा गाठली जाईल. म्हणून साधारण कुटुंबाने दर दोन ते तीन वर्षांनी उपसा करावा. टाकी फार मोठी आहे म्हणून ती कायम विसरून जाणे योग्य नाही.

साताऱ्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली. ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास गावातही असे वेळापत्रक आखता येईल. एका आळीतील आठ-दहा घरांनी एकाच दिवशी गाडी बोलाविल्यास तिच्या फेरीचा खर्चही वाटला जातो.

गाळ कसा मोजावा?

टाकीच्या तळापर्यंत पोचेल अशा लांब काठीच्या खालच्या भागास जुना पांढरा कपडा घट्ट गुंडाळावा. झाकण उघडून अर्धा तास दूर थांबावे. नंतर उभे राहूनच काठी तळापर्यंत सोडावी, काही मिनिटे तशीच धरावी व सावकाश वर काढावी. कपड्यावर जेथपर्यंत काळा गाळ चिकटला असेल, तेवढी गाळाची उंची समजावी. हे काम वर्षातून एकदा करावे. एकट्याने करू नये, वाकून टाकीत पाहू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

माणूस टाकीत उतरवू नये

टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडलेल्या अंड्यासारखा येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. मिथेन पेट घेतो, म्हणून कंदील सोडून पाहणे किंवा जवळ विडी ओढणे घातक आहे. तोंडाला ओला फडका बांधल्याने या वायूंपासून संरक्षण होत नाही.

अशा अपघातात पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातील दोन-तीन माणसे अशी दगावतात. कोणी पडल्यास मागोमाग उतरू नये. ताबडतोब ११२ व १०८ या क्रमांकांवर कळवावे, सर्व झाकणे उघडावीत आणि आत पडलेला माणूस शुद्धीवर असेल तर बाहेरूनच दोर द्यावा.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईस लावण्यास बंदी आहे. अशा कामात मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. मजुरी ठरवून एखाद्या गरजू माणसाला टाकीत उतरविणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. उपसा व्हॅक्यूम टँकरनेच करून घ्यावा.

उपसा करताना

१) फेब्रुवारी ते मे हा काळ निवडावा. रब्बीचे पीक निघाल्यावर वाट मोकळी असते. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतते. भूजल वर आलेले असताना हलकी तयार टाकी रिकामी केल्यास ती जागेवरून उचलली जाण्याचीही भीती असते.

२) दोन्ही कप्पे उपसावेत. टाकी आतून धुऊन काढू नये. तळाशी थोडा जुना गाळ राहू द्यावा, त्यातील जिवाणूंमुळे काम लवकर सुरू होते. शेण, गूळ किंवा बाजारातील पावडर टाकण्याची आवश्यकता नाही.

३) उपसा झाल्यावर लगेच टाकीत पाणी भरावे.

४) गाडीवाल्याला गाळ कोठे रिकामा करणार हे विचारावे. जवळच्या शहरात मैला गाळ प्रक्रिया केंद्र असल्यास तेथेच न्यावयास सांगावे.

ताजा गाळ बांधीत नको

खत म्हणून बांधीतच रिकामा करा, असे काही शेतकरी सांगतात. हा मोह टाळावा. जंतांची अंडी मातीत अनेक महिने जिवंत राहतात. रोवणीच्या वेळी बायामाणसे दिवसभर अनवाणी चिखलात उभी असतात आणि हूकवर्मची अळी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. शिवाय बांधीचे पाणी एका बांधीतून दुसरीत व पुढे बोडीत जाते.

प्रक्रिया केंद्राची सोय नसेल तर ग्रामपंचायतीच्या संमतीने विहीर, नाला व तलावापासून दूर, उंच जागी चर खणून गाळ त्यात सोडावा. पाणी मुरल्यावर एक फूट मातीने झाकावे व खूण करावी. तो चर किमान दोन वर्षे उकरू नये.

शोषखड्डा आणि जमीन

सिहार किंवा बरडी जमिनीत पाणी लवकर मुरते. कन्हार जमिनीत फार सावकाश मुरते. कन्हार जमिनीत शोषखड्डा मोठा घ्यावा आणि नहाणीचे पाणी वेगळे काढून परसबागेतील केळी, अळू यांना द्यावे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा. पावसाळ्यात जेथे पाणी वर येते, तेथे जमिनीवर मातीचा भराव घालून तो उंच घ्यावा.

सोनखत हवे असल्यास

नवे शौचालय बांधणाऱ्यांनी सेप्टिक टँकऐवजी दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा विचार करावा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करावयाचा. बंद खड्डा दोन वर्षे ठेवल्यास आतील मैल्याचे मातीसारखे, वास नसलेले सोनखत होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचा प्रसार केला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः अशा विश्रांती दिलेल्या खड्ड्यात उतरून खत बाहेर काढले. हे उदाहरण सेप्टिक टँकला लावू नये. टाकीतील गाळ ताजा असतो आणि आत विषारी वायू असतात. सोनखतातील बराचसा नत्र मूत्राबरोबर निघून गेलेला असतो. म्हणून ते सेंद्रिय पदार्थासाठी फळझाडांच्या आळ्यात द्यावे व नत्राची मात्रा वेगळी द्यावी.

वर्षभर घ्यावयाची दक्षता

* वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी व झाकणाच्या फटी बुजवाव्यात. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग आढळतो आणि तो पसरविणारे क्युलेक्स डास अशा घाण पाण्यातच वाढतात.
* फवारणी पंप धुतलेले पाणी, ॲसिड व फिनाईल संडासात ओतू नये. त्याने जिवाणू मरतात.
* कापड, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, राख टाकू नये.
* टाकीवरून ट्रॅक्टर किंवा बैलगाडी नेऊ नये.

उपसा झाला की तारीख, टाकीची मापे आणि पुढील उपशाचे वर्ष झाकणाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावे. टाकीचे झाकण कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे. यंदाचे धान मळून झाले की पहिल्या मोकळ्या दिवशी झाकणावरची तणस बाजूला करा, काठीने गाळ मोजा आणि त्याची नोंद आपल्या शेतीच्या वहीत करा.