बायोडाटाचं पहिलं पान

आपल्याकडे इंजिनिअरिंगचा प्रवेश होतो तो सीईटी आणि कॅप राउंडवर. अमेरिकेतल्या कॉलेजांसारखं 'शाळेत अभ्यासाशिवाय काय केलंस?' असं कुणी विचारत नाही. म्हणून पहिला बायोडाटा लिहायची वेळ येते ती थेट इन-प्लांट ट्रेनिंगला, आणि तेव्हा घाम फुटतो.

माझंही तेच झालं. सीनियरचा बायोडाटा घेतला, नाव-मार्क बदलले, झालं! छंद 'वाचन, प्रवास' तसेच राहिले. चाकणच्या एका कारखान्यात साहेबांनी विचारलं, "शेवटचं काय वाचलंस?" मी गप्प.

"बरं, सुट्टीत काय करतोस?"

"काकांचं भोसरीला वर्कशॉप आहे, तिथे लेथवर काम करतो."

"अरे, मग हे का नाही लिहिलंस?"

ते ट्रेनिंग हुकलं. त्या रात्री होस्टेलवर कोरा कागद घेऊन बसलो. तेव्हा कळलेलं सांगतो:

१. एकच पान. दहावी-बारावी : बोर्ड, वर्ष, टक्के.

२. 'मेहनती, प्रामाणिक' नको. केलेलं काम लिहा. 'दोन सुट्ट्या लेथवर बुश टर्निंग, व्हर्नियरने मोजमाप.' मंडळाचा हिशेब ठेवलात, एनसीसी केलीत, तेही चालेल.

३. उंची, रास, गोत्र लग्नाच्या बायोडाटासाठी ठेवा!

४. ज्यावर दोन मिनिटं बोलता येणार नाही, ते खोडा.

पुढच्या ठिकाणी व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारला. ०.०२ मिमी! या वेळी गप्प बसलो नाही.