परसातल्या झाडाचा पंचनामा

निघोजे हे गाव पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. इंद्रायणीच्या काठचे हे गाव. पूर्वी इथे शेती हाच मुख्य धंदा होता. आता गावाच्या शिवारात चाकणची औद्योगिक वसाहत आली आहे. मोठमोठे कारखाने उभे आहेत. कामासाठी लांब लांबची माणसे येतात आणि गावात भाड्याने राहतात. कोणी मराठवाड्यातले, कोणी विदर्भातले, कोणी पार बिहारकडचे.

घरे वाढली तशी घरांपुढे झाडेही लागली. रोपवाटिकेतून कोणी रोप आणतो. कधी झाडे लावण्याच्या कार्यक्रमात रोप मिळते. रोपाला नावाची चिठ्ठी असते, पण ती एका पावसाळ्यात गळून जाते. रोपाचे झाड होते. नाव मात्र कोणालाच आठवत नाही.

असे एक झाड आपण डोळ्यांपुढे आणू. परसात उभे आहे. छपराच्या वर गेले आहे. बारा महिने हिरवेगार असते. हे झाड कोणते?

घरातल्या आजी म्हणतात, "चिकू असंल. पानं तशीच झुपक्यानं आलीत की."

शेजारचे काका म्हणतात, "छे! अशोक आहे हा. अशोकच बारमाही हिरवा असतो."

भाडेकरू म्हणतो, "आमच्याकडं ह्याची साल उकळून तापावर देतात."

एक पाहुणा म्हणतो, "ह्याच्यावर भूत बसतं. तोडून टाका!"

चौघे बोलले आणि चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. आता कोणाचे ऐकावे? भाडेकरूचे ऐकले तर अनोळखी झाडाचा काढा माणसाच्या पोटात जाईल. पाहुण्याचे ऐकले तर वाढलेले झाड जाईल. म्हणून आम्ही सांगतो, नाव कळेपर्यंत काढाही नको आणि कुऱ्हाडही नको. आधी पंचनामा करू.

पंचनामा कसा करायचा?

गावात चोरी झाली तर पंच येतात. डोळ्यांनी दिसते ते लिहून घेतात. ऐकीव गोष्ट लिहीत नाहीत. झाडाचेही तसेच करावे. पाच साक्षी घ्याव्यात. पहिली साक्ष ऋतूची, दुसरी पानाची, तिसरी चिकाची, चौथी फुलाची, पाचवी फळाची. एका साक्षीवर निकाल देऊ नये.

पहिली साक्ष: ऋतू

फाल्गुनात झाडाकडे पाहावे. त्या दिवसांत पुष्कळ झाडांची पाने गळतात. सावर तर अगदी उघडी होते. आपले झाड मात्र हिरवेच आहे. अशा झाडाला सदाहरित झाड म्हणतात.

सदाहरित म्हणजे पाने गळतच नाहीत असे नव्हे. पाने गळतात, पण थोडी थोडी गळतात. जुनी गळतात तोवर नवी आलेली असतात. म्हणून झाड कधी उघडे दिसत नाही.

पण आंबा सदाहरित आहे, चिकू आहे, वडही बहुतेक वर्षभर हिरवा असतो. तेव्हा एवढ्यावर नाव ठरत नाही. काकांनी इथेच घाई केली.

दुसरी साक्ष: पान

एक फांदी खाली ओढून नीट पाहा. पाने फांदीवर कशी बसली आहेत? एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की एकाच जागी गोल फिरून आली आहेत?

आपल्या झाडाची पाने एकाच जागी गोल बसली आहेत. छत्रीच्या काड्यांसारखी. मोजा. एका ठिकाणी सात आहेत. दुसऱ्या ठिकाणी सहा, तिसऱ्या ठिकाणी पाच. पान वीतभर लांब किंवा थोडे कमी. टोक बोथट. वरून गर्द हिरवे आणि चकचकीत, खालून फिकट.

आता एकेक नाव गाळू. बागेत लावतात तो सरळसोट अशोक घ्या. त्याचे पान लांब, अरुंद, आणि कडा लाटेसारखी. पाने एकेकटी, फांदीच्या दोन बाजूंना. म्हणजे हे ते झाड नव्हे. (तो अशोक खराही नव्हे. त्याला खोटा अशोक म्हणतात. खरा तो सीतेचा अशोक. त्याला केशरी फुलांचे घोस येतात.)

चिकूची पाने फांदीच्या टोकाला झुपक्याने असतात हे आजींचे खरे आहे. पण ती एकावर एक, जिन्यासारखी चढत गेलेली असतात. एका जागी गोल बसत नाहीत. म्हणजे चिकूही नव्हे.

सावरीची पाच-सात पाने हाताच्या बोटांसारखी दिसतात. पण ती सगळी एकाच लांब देठावर असतात. खरे म्हणजे ते एकच पान, त्याचे पाच-सात भाग. आपल्या झाडाचे प्रत्येक पान स्वतःच्या आखूड देठाने फांदीला धरून आहे. हा फरक बोट लावून पाहावा.

तिसरी साक्ष: चीक

एक पान तोडा. देठातून पांढरा चीक येतो. आंब्याचे पान चुरगळले तर कैरीसारखा वास येतो, असा पांढरा चीक येत नाही. तेव्हा आंबाही गेला.

चीक चाखू नये. डोळ्याला लागू देऊ नये. लागलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखान्यात जावे. पान हाताळल्यावर हात धुवावेत. लहान मुलांना हे काम देऊ नये.

चौथी साक्ष: फूल

दसऱ्यापासून पुढे, दिवाळीच्या सुमाराला, झाडावर हिरवट-पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ येतात. दिवसा फारसे कळत नाही. संध्याकाळ झाली की वास सुटतो. वास इतका उग्र असतो की रस्त्याने जाणारा माणूस मान वर करून पाहतो. कोणाला तो आवडतो, कोणाचे डोके दुखते.

पाचवी साक्ष: फळ

पुढे झाडाला शेंगा लोंबू लागतात. चवळीच्या शेंगेसारख्या बारीक, पण हातभर लांब. त्या जोडीजोडीने येतात. उन्हाळ्याच्या तोंडी वाळून उकलतात. आत चपटे बी असते. त्याच्या दोन्ही टोकांना केसांचे झुपके. वारा आला की बी उडून जाते.

निकाल

पाचही साक्षी एकाच नावाकडे बोट दाखवतात. हे झाड सातवीण. संस्कृतात सप्तपर्ण, म्हणजे सात पानांचे. हिंदीत छतिवन म्हणतात, बंगालीत छातिम. म्हणून बिहारचा माणूस आणि खेडचा माणूस एकाच झाडाला वेगळ्या नावाने ओळखतात. दोघेही खरे असतात. अशा वेळी नावावरून भांडू नये, पान दाखवावे.

मूळचे हे जंगलातले झाड. आता पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात रस्त्याच्या कडेला ते पुष्कळ लावले आहे.

आता चौघांचे बोलणे पुन्हा तपासू. भूत बसते असे का म्हणतात? कडू चिकामुळे गुरे-शेळ्या सहसा याला तोंड लावत नाहीत. रात्री उग्र वास सुटतो. माणसाला कारण कळले नाही की तो भुताचे नाव घेतो. यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही. मात्र हे झाड फार उंच होते आणि लाकूड मऊ असते. म्हणून भिंतीला खेटून किंवा विजेच्या तारेखाली लावू नये. तोडण्याची वेळ आलीच तर आधी ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करावी.

तापावर साल देतात हेही अगदीच खोटे नाही. जुन्या काळी वैद्य हिवतापावर ही साल वापरत. पण किती द्यायची, कोणाला द्यायची, हे जाणकार ठरवतो. घरी अंदाजाने उकळून देणे धोक्याचे आहे. आणि खोडाची साल सगळीकडून सोलली तर झाडही मरते. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रात हिवतापाची तपासणी फुकट होते.

हे पक्के ध्यानात ठेवा

सातविणीच्या भाऊबंदांत दोन विषारी झाडे आहेत. दोन्ही सदाहरित, दोन्ही चिकाची, दोन्ही अंगणात लावतात. एक कण्हेर. तिची पाने अरुंद, बहुधा तीन-तीन एका जागी. दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. तिची पाने अरुंद, एकेकटी, फुले पिवळी घंटेसारखी. बिट्टीचे बी पोटात गेले तर हृदयावर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. मुलाने खाल्ले असे कळले तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. लगेच दवाखान्यात न्यावे आणि झाडाचे पान-फळही बरोबर न्यावे. डॉक्टरांना नाव लवकर कळले तर उपचार लवकर होतो. झाड ओळखणे हा रिकामपणाचा उद्योग नाही तो यासाठी.

नाव कळलेच नाही तर? पुण्यात कोरेगाव रस्त्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ सालापासून आहे. वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने तिथे जपून ठेवले आहेत. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनाही विचारता येते. नुसते पान नेऊ नये. पाने बसलेली फांदी, फूल आणि शेंग न्यावी.

पाटीचे झाड

शेवटी एक मौजेची गोष्ट. १७६७ साली लिनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने या झाडाला शास्त्रीय नाव दिले. त्यात 'स्कोलारिस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ शाळेचे. या झाडाच्या मऊ लाकडाच्या फळ्या करत आणि मुले त्या फळ्यांवर अक्षरे गिरवत. आपण आता लिहायला शिकलो आहोत. तेव्हा या झाडाची पहिली नोंद आपल्या वहीत व्हायला हरकत नाही.

करून पाहा

१. तुमच्या परसातले एक झाड निवडा. वहीत तारीख आणि जागा लिहा.
२. पाने कशी बसली आहेत? मोजून लिहा.
३. चीक आहे का? असेल तर कोणत्या रंगाचा?
४. फूल आणि फळ कोणत्या महिन्यात येते? आज माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा. वर्षभरात भरा.
५. घरातल्या आणि शेजारच्या माणसांना नाव विचारा. प्रत्येकाने सांगितलेले नाव लिहा. नाव पक्के झाले की त्याच्याखाली रेघ मारा.