ऑशविट्झला जायचे झाल्यास...

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

"शिस्त शिकावी ती हिटलरकडून!" वर्गात चर्चा चालू असताना एका मित्राने असे उद्गार काढले. कुणी हसले, कुणी मान डोलावली. सर रागावले नाहीत. त्यांनी आम्हांला एक स्वाध्याय दिला : पोलंडमधील ऑशविट्झच्या छळछावणीला भेट द्यायची आहे असे समजून तिची योजना आखून आणावी. प्रत्यक्ष जाणे आमच्यापैकी बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे. परंतु योजना आखताना जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. ऑशविट्झ हे ओश्वियेंचिम या पोलिश गावाला जर्मनांनी दिलेले नाव. क्राकूव्ह शहरात मुक्काम करून रेल्वेने वा बसने सुमारे दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. स्मारकात प्रवेशासाठी शुल्क नाही, पण दिवस व वेळ आधी नोंदवावी लागते. मार्गदर्शकासह पाहायचे असल्यास मात्र पैसे पडतात. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये, अशी संग्रहालयाची सूचना आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. छावणीचे दोन भाग पाहावयाचे असतात. पहिला भाग विटांच्या इमारतींचा. १४ जून १९४० रोजी ७२८ पोलिश राजकीय कैद्यांना येथे आणले गेले. दुसरा भाग बिर्केनाऊ. तो तेथून सुमारे तीन किलोमीटरवर असून त्याचे बांधकाम १९४१ मध्ये सुरू झाले. पहिल्या भागातील संग्रहालय पाहून थकलेले प्रवासी बिर्केनाऊ घाईने उरकतात, ही चूक टाळावी. बहुसंख्य माणसे मारली गेली ती बिर्केनाऊमध्येच. ऑशविट्झला किमान १३ लाख माणसे आणली गेली. त्यांतील सुमारे ११ लाख मरण पावली आणि त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. पोलिश, रोमा आणि सोव्हिएत युद्धकैदीही बळी पडले. दोन्ही भागांना मिळून पूर्ण दिवस ठेवणे इष्ट.

आता मूळ मुद्दा शिस्तीचा. ही छावणी बेशिस्त जमावाने चालविली नव्हती. कैद्याच्या हातावर क्रमांक गोंदला जाई. रोज हजेरी होई. जुलै १९४० मध्ये एक कैदी पळाला तेव्हा बाकीच्यांना सुमारे १९ तास हजेरीसाठी उभे केले गेले. १९४४ च्या मे ते जुलै या काळात हंगेरीतून सुमारे चार लाख ज्यू आगगाड्यांनी आणले. त्यासाठी लोहमार्ग बिर्केनाऊच्या आतपर्यंत नेला होता. फलाटावरच डॉक्टर निवड करीत : कामाला योग्य ते एका बाजूला, वृद्ध, मुले व लेकुरवाळ्या स्त्रिया दुसऱ्या बाजूला, म्हणजे थेट विषारी वायूच्या कोठडीकडे. कुणीतरी वेळापत्रक केले, कुणी डबे जोडले, कुणी याद्या लिहिल्या. हीच ती शिस्त!

म्हणून त्या मैदानावर आणि फलाटावर थांबावे, तेथून घाईने पुढे जाऊ नये. संग्रहालयात कैद्यांच्या सुटकेसांना स्वतंत्र वेळ द्यावा. अनेकींवर मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगविले आहे. सामान परत मिळेल या भरवशावर ते लिहिलेले! लाखांचे आकडे मनाला पेलत नाहीत. एक नाव मात्र लक्षात राहते. बिर्केनाऊच्या टोकाला वायूकोठड्यांचे भग्नावशेष आहेत. पुरावा नष्ट व्हावा म्हणून जानेवारी १९४५ मध्ये माघार घेताना नाझींनी त्या उडवून दिल्या. २७ जानेवारीला सोव्हिएत सैन्य आले, तेव्हा तेथे सुमारे ७,००० कैदी जिवंत होते.

जाण्यापूर्वी वाचन हवेच. ॲन फ्रँकची रोजनिशी अनेकांनी वाचलेली असते. तिलाही १९४४ मध्ये येथे आणले होते, हे ध्यानात ठेवून ती पुन्हा वाचावी. येथून सुटलेल्या प्रिमो लेव्ही यांच्या आठवणीही वाचाव्यात.

वागण्याबद्दल थोडेसे. आपण एका स्मशानभूमीत आहोत हे विसरू नये. स्त्रियांचे कापलेले केस ठेवलेल्या दालनात छायाचित्र काढण्यास मनाई आहे. इतरत्रही हसतमुख छायाचित्रांचा मोह आवरावा. स्वस्तिक आपल्याकडे मंगल चिन्ह असले, तरी तेथे त्या आकाराच्या खुणेखाली हे सारे घडले. म्हणून ते चिन्ह असलेला दागिना वा कपडा अंगावर नसावा.

आपल्याकडे हिटलरचे आत्मचरित्र पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. ते वाचून भारावणाऱ्याने असा एक स्वाध्याय जरूर करून पाहावा. शिस्त हा गुण खरा. पण ती कशासाठी, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

त्या मित्रानेही योजना आणून दिली. हजेरीच्या मैदानासाठी त्याने वेगळा एक तास राखून ठेवला होता. सरांनी त्याला कारण विचारले नाही.