बॉयलरच्या पाण्यात साखर का चालत नाही?



गळिताच्या दिवसांत कधी कधी वाफाळते पाणी गटारात सोडलेले दिसते. “एवढे गरम पाणी वाया का घालवता?” असे सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

रस आटवताना वाफेचे जे पाणी होते, ते कंडेन्सेट बॉयलरला परत देतात. इव्हॅपोरेटरची नळी गळाली किंवा रस उसळला, की त्यात साखर मिसळते. ४५ किलो दाबाच्या बॉयलरात पाणी सुमारे २५८ अंश सेंटिग्रेडला उकळते. एवढ्या गरम पाण्यात हायड्रोजन व हायड्रॉक्सिलचे सुटे आयन थंड पाण्याच्या सुमारे २५ पट असतात. दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून नुसते पाणी आम्लधर्मी होत नाही. पण साखर त्यात टिकत नाही. आधी ग्लुकोज व फ्रुक्टोज, पुढे फॉर्मिक, लॅक्टिक, ॲसेटिक अशी आम्ले तयार होतात.

गंमत अशी, की अशा उष्णतेत ॲसेटिक आम्लाचा जोर थंडीतल्यापेक्षा कमी असतो. मग नुकसान कसे? ही आम्ले पाण्यात मुद्दाम राखलेला अल्कली संपवतात. पी.एच. उतरतो, नळ्या गंजतात, जळकी साखर नळ्यांना चिकटते. शिवाय थोडे आम्ल वाफेबरोबर पुढे जाते आणि वाफेचे पाणी झाले की त्याचा जोर परत येतो.

म्हणून केमिस्ट कंडेन्सेटची अल्फा-नॅप्थॉल परीक्षा घेतो. जांभळे कडे दिसले की साखर आहे. मग ते पाणी तोडून साठ्यातले चांगले पाणी देतात, ब्लोडाऊन करतात, अल्कली वाढवतात.

हेच रसायन उपयोगीही पडते. मुंबईत दादरच्या पुढे माटुंग्याला १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञानाची संस्था (यू.डी.सी.टी., आताची आय.सी.टी.) आहे. तिथल्या मिश्रा, महाजनी व जोशी यांनी १९९५ साली वेट एअर ऑक्सिडेशनवर मोठा आढावा लिहिला. कारखान्याचे घाण पाणी दाबाखाली १२५ ते ३२० अंशांवर हवेबरोबर तापवले, की त्यातले सेंद्रिय पदार्थ तुटतात. शेवटी चिवटपणे उरते ते बहुधा ॲसेटिक आम्लच.

बॉयलर बंद पडला तर गाळप थांबते, गाड्यांतला ऊस वाळतो, वजन व उतारा दोन्ही घटतात. ते नुकसान आपलेच. तेव्हा गटारात गेलेले ते पाणी वाया गेले असे समजू नये.