छोटा बिनतारी कळफलक निवडताना : आधी 'आई' लिहून पाहा



गेल्या वर्षी वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी आपण एक छोटा बिनतारी कीबोर्ड, म्हणजे कळफलक, आणला. माउस वेगळा लागू नये म्हणून त्यातच बोट फिरवायची चौकट होती. खरेदी मीच केली होती, म्हणून चूकही माझीच. वस्तू दिसायला सुबक, दोन्ही तळहातांत मावणारी आणि किमतीला स्वस्त. चित्रफिती दाखवायला ती छान चालली. मराठीच्या तासाला मात्र पंचाईत झाली. सातवीच्या मुलांना भित्तिपत्रकासाठी चार-चार ओळी लिहायच्या होत्या. कुणाला 'च' सापडेना, कुणाला 'ट'. दोनच आठवड्यांत मुले मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहू लागली.

हा मुलांचा आळस नव्हता. आपण त्यांच्या हातात दिलेल्या साधनावर मराठीला पुरेशी जागाच नव्हती. यंदा पुन्हा खरेदीचा विषय निघाला आहे. तेव्हा त्या चुकीतून जे शिकलो ते इथे पाठाच्या रूपात मांडतो. घरी टीव्हीला संगणक जोडणाऱ्या पालकांनाही ते उपयोगी पडेल.

मराठी अक्षरे कुठे बसतात?

भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची प्रमाण कळरचना आहे. ती १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत ती आधीपासूनच असते. विकत घ्यावी लागत नाही. हिंदीसाठीही हीच रचना चालते. त्यामुळे इंदूरच्या मुलाने ती एकदा शिकली की दोन्ही भाषांचे काम होते.

या रचनेत स्वर आणि मात्रा मुख्यतः डाव्या हाताकडे आहेत, तर बरीचशी व्यंजने उजव्या हाताकडे. देवनागरीची अक्षरे इंग्रजीच्या २६ कळांत मावत नाहीत, म्हणून इंग्रजीत विरामचिन्हांच्या असलेल्या कळाही कामाला लावल्या आहेत. अर्धविरामाच्या कळेवर 'च' आहे. तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट', चौकोनी कंसाच्या पहिल्या कळेवर 'ड' आणि तिरप्या रेघेच्या कळेवर 'य' आहे. शिफ्ट दाबून याच पहिल्या तीन कळांवर 'छ', 'ठ', 'ढ' मिळतात.

आता गोम लक्षात येईल. कळफलक लहान करताना कंपन्या सर्वांत आधी विरामचिन्हांच्या कळा आकसतात, हलवतात किंवा काढूनच टाकतात आणि ती चिन्हे 'एफएन' कळेच्या आड नेऊन ठेवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याने फारसे अडत नाही. आपल्याला मात्र 'चटणी' लिहिताना पहिल्या दोन अक्षरांनाच दोन-दोन कळा दाबाव्या लागतात आणि 'छत्री'च्या 'छ'ला तर तीन.

उजव्या शिफ्टची गोष्ट

टंकलेखनाचा साधा नियम असा : अक्षर डाव्या हाताचे असेल तर शिफ्ट उजव्या हाताने दाबावी आणि अक्षर उजव्या हाताचे असेल तर डाव्या हाताने. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या कळांवर, शिफ्टसह आहेत. म्हणजे 'आई', 'अहिल्या', 'इंदूर', 'उज्जैन' यांतल्या प्रत्येक शब्दाची सुरुवात उजव्या शिफ्टने होते.

काही छोट्या कळफलकांवर ही उजवी शिफ्ट बोटाच्या पेराएवढी करून वरच्या बाणाच्या कळेपलीकडे ढकललेली असते. अशा वेळी करंगळी सवयीने बाणावर पडते, कर्सर एक ओळ वर उडी मारतो आणि 'आ' उमटण्याऐवजी वरच्या ओळीत नुसता काना येऊन बसतो. लहान मुलाला काय बिघडले ते कळतही नाही. तो फक्त म्हणतो, "सर, मराठी येत नाही!"

ज्यांना उच्चारानुसार, म्हणजे फोनेटिक पद्धतीने, टंकन करण्याची सवय आहे त्यांना ही अडचण कमी जाणवेल, कारण त्या पद्धतीत मुख्यतः इंग्रजी अक्षरांच्याच कळा वापरतात. पण शाळेत आपण इनस्क्रिप्ट शिकवतो, तेव्हा निवडही तिच्या सोयीने व्हावी.

बोटाने कर्सर चालवण्याचे तीन प्रकार

वेगळा माउस नको म्हटल्यावर कळफलकातच काहीतरी हवे. त्याचे मुख्य प्रकार तीन.

१. टचपॅड. लॅपटॉपवर असते तशी ही गुळगुळीत चौकट. छोट्या बिनतारी कळफलकांत ती बहुधा उजव्या बाजूला असते. शिकायला सर्वांत सोपी, कारण बहुतेकांच्या बोटांना ती ठाऊक असते. दोष असा की लिहिताना तळवा लागला तर कर्सर भलतीकडे जातो. चौकट तात्पुरती बंद करण्याची सोय आहे का, ते विचारावे.

२. ट्रॅकबॉल. यात चेंडू जागच्या जागी फिरवायचा असतो. कल्पना जुनी आहे : कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास असे साधन बनवले, तेव्हा त्यात खेळातला बोलिंगचा खराखुरा चेंडू वापरला होता. डग्लस एंगलबार्ट यांचा लाकडी माउस त्यानंतरचा, १९६४ चा. ट्रॅकबॉलची बटणे चेंडूपासून वेगळी असतात, म्हणून क्लिक करताना कर्सर हलत नाही. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना मनगट फारसे हलवता येत नाही, त्यांना हे सोयीचे पडते. मात्र चेंडूखाली धूळ साचते. तो अधूनमधून काढून पुसावा लागतो. खडूच्या वर्गात तर नक्कीच.

३. कळांमधली काडी. जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये रबरी टोपीची एक बुटकी काडी असते. बोटाने जिकडे रेटाल तिकडे कर्सर जातो. टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलेली ही काडी आयबीएमने १९९२ मध्ये आपल्या थिंकपॅड लॅपटॉपवर दिली. पुढे लेनोवोने २०२० मध्ये अशीच काडी असलेला बिनतारी कळफलक काढला. हात कळांवरून न उचलता काम होते, ही तिची खुबी. जो रोज पानेच्या पाने लिहितो त्याला ती आवडते. नवख्या मुलांना मात्र सुरुवातीला अवघड जाते.

वर्गात एकच कळफलक चाळीस हातांतून फिरणार असेल, तर माझ्या मते टचपॅड बरे. एखाद्या विद्यार्थ्याच्या हाताला अडचण असेल, तर त्याच्यासाठी ट्रॅकबॉल जरूर पाहावा. एका हाताने लिहिणाऱ्यासाठी विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' ही सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याबद्दल विचारणा होते. सुरू केल्यावर शिफ्ट आणि अक्षर एकत्र न दाबता एकामागून एक दाबता येते.

तार नाही, मग संदेश कसा पोचतो?

बहुतेक बिनतारी कळफलक २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात. त्यांचे दोन गट आहेत. एका गटात नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या यूएसबी खाचेत लावावा लागतो. लावला की काम सुरू. दुसरा गट ब्लूटूथचा. त्याला रिसीव्हर लागत नाही, पण संगणकात ब्लूटूथ असावे लागते आणि पहिल्यांदा जोडणी करावी लागते. शाळेतल्या जुन्या संगणकांत ब्लूटूथ नसते, म्हणून आपल्याला पहिला गट सोयीचा. काही कळफलकांत दोन्ही सोयी असतात.

खोक्यावर साधारण १० मीटरचा पल्ला लिहिलेला असतो. तरी मागच्या बाकावरून अक्षरे गळू लागली, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. रिसीव्हर संगणकाच्या मागे लोखंडी कपाटाच्या आड तर नाही ना, ते पाहा. यूएसबी ३.० च्या खाचा आणि त्यांना जोडलेली साधनेही याच लहरींत व्यत्यय आणतात, असे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. छोटी यूएसबी जोडवायर घेऊन रिसीव्हर समोर, मोकळ्या जागी आणला की बहुधा तक्रार मिटते.

आणखी एक सावधगिरी. २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संशोधन संस्थेने दाखवले की काही स्वस्त बिनतारी कळफलक दाबलेली अक्षरे सांकेतिक रूप न देताच हवेत सोडतात. जवळपासच्या कुणाला ती टिपता येऊ शकतात. म्हणून सांकेतिकीकरण, म्हणजे एन्क्रिप्शन, असलेलाच कळफलक घ्यावा. आणि शाळेच्या कार्यालयात बँकेचे, फीचे, परीक्षेच्या नोंदणीचे काम तारेच्या कळफलकावरच करावे.

सेल की चार्जिंग?

एए आकाराच्या सेलवर चालणारा कळफलक शाळेला बरा. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतात. आतली बॅटरी चार्ज करायचा प्रकार नीटनेटका असतो, पण काही वर्षांनी ती बॅटरी थकते आणि अनेकदा बदलता येत नाही. सेल वापरणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत ते काढून ठेवावेत, नाहीतर गळून आतले पत्रे गंजतात.

खरेदीपूर्वीच्या सहा कसोट्या

विश्वस्त मंडळींना विनंती की दरपत्रके मागवताना केवळ किमतीचा रकाना पाहू नये. नमुन्याचा एक नग वर्गात आणून शिक्षक आणि मुले या दोघांकडून पुढील गोष्टी करवून घ्याव्यात :

१. पट्टीने मोजा. शेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंतले अंतर सुमारे १९ मिमी असेल, तर बोटांना नेहमीच्या कळफलकाची सवय कायम राहते.

२. 'आई', 'इंदूर', 'उज्जैन' लिहा. कर्सर वर पळाला तर उजवी शिफ्ट चुकीच्या जागी आहे.

३. 'चटणी', 'डोळे', 'यश', 'छत्री' लिहा. कुठेही एफएन कळ लागता कामा नये.

४. 'वाऱ्यावर' लिहा. त्यातला 'ऱ' शिफ्ट आणि जे या कळांवर मिळतो. 'डोळे'तला 'ळ' शिफ्ट आणि एन वर.

५. मागच्या बाकावर बसून सलग पाच ओळी लिहा. एकही अक्षर गळता कामा नये.

६. रिसीव्हर ठेवायला कळफलकातच खण आहे का आणि हरवल्यास दुसरा मिळतो का, ते विचारा. अनेक कळफलक मूळ रिसीव्हरशिवाय निकामी ठरतात.

कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतील तर काळजी नको. पारदर्शक चिकटपट्ट्या बाजारात मिळतात. त्या लावण्याचे काम आठवीच्या मुलांकडे द्यावे. लावता लावता अर्धी रचना पाठ होते.

घरी करून पाहा

मुलांनो, तुमच्या घरच्या कळफलकावर, लॅपटॉपचा असला तरी चालेल, 'च', 'ट', 'ड', 'य' या चार अक्षरांच्या कळा शोधा आणि उजव्या शिफ्टची लांबी पट्टीने मोजा. मग आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यांच्या गावाचे नाव मराठीत लिहून दाखवा. कुठे अडले ते वहीत टिपा आणि वही पुढच्या संगणकाच्या तासाला घेऊन या.

तुमच्या नोंदी खरेदीच्या बैठकीत ठेवायचे मी ठरवले आहे. गेल्या वर्षी मी दुकानात फक्त किंमत विचारली होती. यंदा तिथे उभे राहून आधी 'आई' लिहून पाहणार आहे.